मोटारीच्या खोलीतली बाटली

सोमवारी सकाळी साडेदहाला जुन्नरच्या कृषी कार्यालयातला फोन वाजला, तेव्हा भिमाजी कोरडे चहाचा पहिला घोट घेत होते.

"साहेब, बोरी बुद्रुकहून सोमाजी बोलतोय. कृषी केंद्रवाला. असाल तसे या. बाटली सापडली!"

"कसली बाटली?"

"विषाची, साहेब. ज्योतिबाच्या बागेत, मोटारीच्या खोलीत. गेणभाऊच्या पंपामागं दडवलेली. मी स्वतः बघितली. हात लावला नाही, रुमालानं धरून बाहेर काढली."

"बरं केलंत," कोरडे म्हणाले आणि फोन ठेवला. चहा तसाच राहिला.

कोरडे हे कीटकनाशक निरीक्षक. औषधांची दुकानं तपासायची, नमुने घ्यायचे, बनावट आणि मुदत संपलेला माल पकडायचा, हे त्यांचं काम. ऑफिसात त्यांना शंकासुर म्हणत. बायकोनं न मागता शिरा केला तरी आज काय विशेष म्हणून हा माणूस चौकशी करणार. त्यामुळे बढती कधी वेळेवर झाली नाही, पण त्यांच्या हातून चोर सहसा सुटलाही नाही.

प्रकरण काय आहे ते त्यांना शनिवारीच कळलं होतं. तीन वर्षांपूर्वी, २००३ साली, युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत औषधांचे अंश सापडले आणि मोठी नाचक्की झाली. तेव्हापासून केंद्र सरकारनं नियम आवळले. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी, फवारणीची वही, काढणीआधी प्रयोगशाळेत नमुना. नमुना पास झाला नाही तर घड तोडायचाच नाही. आणि ज्योतिबा पाबळेच्या बागेचा नमुना नुसता नापास नव्हता, पार आपटला होता. सापडलं होतं मिथिल पॅराथिऑन. फळांवर आणि भाज्यांवर वापरायला बंदी असलेलं, जुनं, जहाल औषध.

निर्यातदारानं स्पष्ट सांगितलं होतं की गुन्हेगार कळल्याशिवाय बोरीच्या चौदा बागांपैकी एकाही बागेचा घड उचलणार नाही. घड पिकून लोंबत होते. गावाला गुन्हेगार हवाच होता, आणि गावानं तो शोधलाही होता.

ज्योतिबा बागेच्या तोंडाशीच उभा होता. पन्नाशीचा, एरवी मोठ्या आवाजात बोलणारा माणूस. आज त्याचा आवाज बसला होता.

"फवारणी कोण करतं?" कोरड्यांनी विचारलं.

"गेणभाऊ. पंधरा वर्सं झाली, सायेब. निस्त्या माज्याच न्हाई, सात-आठ बागांत तोच मारतो."

"शेवटची कधी?"

"सहा जानेवारीला. वहीत लिवलंय. औषध बी नियमातलंच व्हतं."

"त्यानंतर?"

"त्यानंतर काय न्हाई. संक्रांत झाली, मंग अठरा-एकोणीसला घडांना कागद लावलं. एकोणीसच्या दुपारी गेणभाऊ वकाय लागला. तोंडातनं लाळ, घामानं निथळतोय, उभा ऱ्हाईना. सोमाजी शेठ बागंत आलं व्हतं, त्येंनीच जीपमदी घालून दवाखान्यात न्हेला. आठ दिस पडून व्हता. त्या दिसापास्नं त्यानं हितं पाय ठिवला न्हाई."

"तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"वाटलं, प्याला आसंल. आता उलगडा झाला. आमची पाठ वळल्यावर त्यानं ह्ये इख मारलं, आन त्येच त्याला बाधलं. बहिरूनं फूस दिली आसणार."

बहिरू म्हणजे शेजारच्या टोमॅटोच्या रानाचा मालक. बांधावरून दोघांचं चार वर्षं वाजलेलं होतं.

कोरडे बागेत शिरले. मांडवाखाली हिरवी सावली होती. घड एकसारखे, दुधट हिरवे. पण पश्चिमेकडच्या शेवटच्या चार ओळींत रंग बदलत होता. तिथले घड तांबूस पडले होते.

"हे असे का?"

"तितं कागद पुरला न्हाई. ऊन लागलं की मणी तांबूस पडतो, आन तिकडच्या लोकास्नी हिरवाच लागतो. म्हून तर पेपर गुंडाळायचं एकेका घडाला."

"एवढे पेपर आणता कुठून?"

"ज्याची त्याची सोय आसती. बाकीच्यांनी पुन्याहून आणलं. माजी रद्दी सोमाजी शेठनं आळेफाट्याच्या रद्दीवाल्याकडनं मागवून दिली. लई राबतो मानूस आमच्यासाटी. चार दिसांमागं कागद काढलं, तर काल शेठनं टेम्पो लावून समदं जाळाय न्हेलं. म्हनलं, तपासणीवालं येत्याल, बाग साफ दिसाय पायजे."

कोरड्यांनी मान हलवली. मग तीन पिशव्या काढल्या. एकीत वेलांची पानं भरली, दुसरीत हिरवे घड, तिसरीत तांबूस घड. प्रत्येकीवर चिठ्ठी लावून लाखेनं मोहर केली.

"रिपोर्ट तर आलाय की, सायेब. आता ह्ये तीन-तीन कशापायी?"

"सवय आहे," कोरडे म्हणाले.

पाण्याच्या मोटारीची खोली दहा फुटांची. एक स्टार्टर, एक फळी, खाली पाठीवरचा पंप. पंपामागच्या भिंतीशी बाटली सापडली होती. पाव लिटरची, अर्धी भरलेली, लेबल नवं करकरीत. त्यावर तेच नाव, मिथिल पॅराथिऑन. कोरड्यांनी ती बाटली चौथ्या पिशवीत घातली. मग बॅगेतून वीस फेब्रुवारीचा नमुन्याचा फॉर्म काढून वाचला. नमुना घ्यायला आलेल्या माणसानं बागेतल्या औषधांचा साठा तपासल्याची खूण केली होती. पुढे लिहिलं होतं: मोटारीची खोली, फळी व पंप पाहिला, आक्षेपार्ह काही नाही. खाली ज्योतिबाची सही होती.

फॉर्म घडी घालून त्यांनी खिशात ठेवला. मोठ्या बॅगेत परत ठेवला नाही.

बहिरू टोमॅटोला सुतळी बांधत होता. साहेबांना पाहून त्यानं हातातलं काम सोडलं नाही.

"ज्योतिबा म्हणतो, तुम्ही गेणभाऊला फूस दिली."

"त्यो काय बी म्हनंल. पाऊस न्हाई पडला तरी माजंच नाव घीतो."

"तुमच्याकडं मिथिल पॅराथिऑन आहे?"

"बाटली न्हाई. पावडर व्हती कधीकाळी. धुरळायची पांढरी पावडर. आमी टोमॅटोवर मारायचो. आता बंदी हाय म्हनत्यात."

"बंदीनंतरही मिळते?"

बहिरूचे हात थांबले. "उघड न्हाई मिळत."

"मग कशी मिळते?"

"राव, मला ह्यात वढू नगा. मला बी ह्याच गावात ऱ्हायचंय."

"कुणाला घाबरता?"

बहिरूनं सुतळी दातानं तोडली आणि पुढच्या सरीत गेला. कोरड्यांना त्याचा राग आला नाही. खोटं बोलणारा माणूस भरपूर बोलतो, असा त्यांचा अनुभव होता. हा तर तोंडाला कुलूप लावून बसला होता.

गेणभाऊचं घर गावाबाहेर, माळाच्या कडेला. बापजाद्यांची मेंढरं होती. आता दोन शेळ्या आणि एक म्हातारी मेंढी उरली होती. गेणभाऊ ओट्यावर बसला होता. चाळिशीचाच, पण आजारानं साठीचा दिसत होता. बायको तानूबाई दारात उभी राहिली, वाट अडवून.

"शनवारी गावाची बैठक हाय," ती म्हणाली. "ह्येंच्यावर पोलिसात केस करणारेत. बोरीपास्नं निमगाव सावापत्तूर एकबी बागायतदार ह्येंना उभं करणार न्हाई, आसं ठरवायचं चाललंय. सायेब, ह्येंच्या हाताला तेवढा एकच हुन्नर हाय. त्यो बी काडून घेतला तर आमी कुठं जायाचं?"

"मला आत येऊ द्या, मग बघू."

कोरडे गेणभाऊसमोर बसले.

"एकोणीस जानेवारीला काय केलंत?"

"दिसभर कागद लावलं."

"फवारा?"

"न्हाई. पंप खोलीतच व्हता. कुणालाबी इचारा, आमी सहा जनं व्हतो. म्या आन पाच बाया."

"दारू?"

"माळकरी मानूस हाय त्यो!" तानूबाई कडाडली. "थेंबाला शिवत न्हाई. गावाला ठावं हाय, तरी समद्यांनी तोंडं मिटली."

"काय खाल्लं त्या दिवशी?"

"भाकर, झुणका," गेणभाऊ म्हणाला. "हात धुवून, समद्यांनी एकाच फडक्यातलं."

"आणखी काही?"

"न्हाई. तंबाखू तेवढी. ती काय, चालूच आसती."

बोलता बोलता त्यानं चंची काढली. डाव्या तळव्यावर तंबाखू घेतली, चुना लावला, अंगठ्यानं मळायला लागला. हात थरथरत होता. निम्मी तंबाखू मांडीवर सांडली. कोरडे त्या तळव्याकडे बघत राहिले.

"बाकी कुणाला त्रास झाला?"

"माजं डोकं लई दुखलं," तानूबाई म्हणाली. "लंकाबाईच्या हाताला खाज सुटली. कागदाची धूळ व्हती, शिंका यायच्या. पर ह्येंच्यासारकं कुणालाच न्हाई झालं."

कोरड्यांनी उघड्या दारातून घरात नजर फिरवली. भिंतीला लाकडी फळी, फळीवर घासलेली पितळी भांडी, पिठाचा डबा. भांड्यांखाली वर्तमानपत्रं अंथरलेली, कडा नीट दुमडलेल्या.

"हे कागद कुठले?"

"बागंतलं उरल्यालं. पाच-सहा आणलं व्हतं."

"ते मला काढून द्या. हातानं नको, थांबा." त्यांनी स्वतः प्लास्टिकची पिशवी उलटी करून हातावर चढवली आणि एकेक कागद उचलून घेतला. कोपऱ्यांकडे बघितलं. मग पिशवी बांधली.

"वाचायचंय का त्ये?" तानूबाईनं विचारलं.

"हो. आणि बाई, ती सगळी भांडी घासून घ्या. डब्यातलं पीठ टाकून द्या. पुरून टाका. शेळ्यांनाही घालू नका."

तानूबाई डब्याकडे वळली. "पीठ? आमी म्हैनाभर त्येच खातोय."

"डब्याला झाकण आहे म्हणून बरं," कोरडे म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा उतरला होता. तिनं डबा उचलून दाराबाहेर ठेवला.

वाटेत ते दवाखान्यात थांबले. डॉक्टर तरुण होता. त्याला केस आठवत होती.

"आणला तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारला की कुठलं औषध हाताळलं का. सोबतचा माणूस म्हणाला, औषधाचा काही संबंध नाही, पिऊन पडलाय. तासाभरात डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तेव्हा मी अंदाजानं विषबाधेचे उपचार सुरू केले. वाचला. पण तो तास वाया गेला."

"हात थरथरतात त्याचे."

"हो. सुधारतील बहुतेक. खात्रीनं नाही सांगता येणार."

सोमाजी शेठचं दुकान गावाच्या मुख्य रस्त्यावर होतं. परवाना काचेच्या चौकटीत, डबे रांगेत, देव्हाऱ्यात उदबत्ती. सोमाजीनं खुर्ची पुसून दिली, चहा मागवला.

"काय म्हणतो तपास? गेणभाऊनं कबूल केलं का?"

"अजून नाही. बाटली तुम्हालाच कशी सापडली?"

"अहो, ज्योतिबा रडकुंडीला आलेला. म्हटलं, चला, आपणच शोधू. गावाचं काम आपलं नाही का?"

"अशी बाटली तुमच्याकडं मिळते?"

"छे! मी ठेवतच नाही. त्यानं आणली असणार नगरकडून कुठून तरी. आणि साहेब, पाच वर्षांपूर्वी बागेची कामं नसली की तो माझ्याकडं हमालीला यायचा, चांगला ओळखतो मी त्याला. मनानं वाईट नाही, पण अडाणी."

"एकोणीस जानेवारीला तुम्ही बागेत कशाला गेला होता?"

"रद्दी पुरली का बघायला. मीच मागवली होती ना आळेफाट्याहून."

"गोडाऊन किती तुमची?"

"हे मागचं एकच. परवान्यात आहे तेवढंच. बघता का?"

कोरड्यांनी बघितलं. झाडून-पुसून लख्ख होतं. परत येताना त्यांनी काउंटरवरचं ताजं वर्तमानपत्र उचललं. ते सकाळच्या एसटीनं यायचं. वरच्या कोपऱ्यात एजंटनं निळ्या बॉलपेननं गिऱ्हाइकाचं नाव खरडलेलं होतं.

"हे घेऊन जाऊ? आज वाचायला वेळच मिळाला नाही."

"न्या की! पेपर काय मोठी गोष्ट," सोमाजी हसला.

नमुने त्याच दिवशी पुण्याच्या प्रयोगशाळेत गेले. हिरवे घड, तांबूस घड, पानं, बाटली आणि कागद. शुक्रवारी दुपारी फोन आला. कोरड्यांनी पाच आकडे लिहून घेतले, तीनदा "बरं" म्हणाले आणि लगेच पोलीस ठाण्याला दुसरा फोन लावला.

शनिवारची बैठक चावडीवर भरायची होती. कोरड्यांनी ती सोमाजीच्या दुकानासमोरच्या अंगणात घ्यायला लावली. सोमाजीनं आनंदानं सतरंज्या टाकल्या. चौदा बागायतदार आले. बहिरू मागे, भिंतीला टेकून. गेणभाऊ आणि तानूबाई एका कडेला, त्यांच्या आसपास कुणी बसलं नव्हतं. एक हवालदार उगाच आल्यासारखा दारात उभा होता.

"बोला साहेब," ज्योतिबा म्हणाला. "उगं लांबड नगं. केस कुणावर करायची त्येवढं सांगा."

"सांगतो. आधी मला एक सांगा, ज्योतिबा. फवारा मारला तर तो कुठं पडतो?"

"समदीकडं. पानावर, घडावर, काडीवर."

"पानावर पडतोच ना?"

"पडनारच की. घड तर पानांच्या आड आसतो."

"मी तुमच्या बागेची पानं तपासून घेतली. त्यांवर मिथिल पॅराथिऑनचा अंशसुद्धा नाही."

अंगणात कुजबूज झाली.

"म्हणजे फवारणी झालेलीच नाही. ना गेणभाऊनं केली, ना बहिरूच्या रानातून वाऱ्यानं आली. आता घड. हिरव्या घडांत विष भरपूर. शेजारच्या चार ओळींतल्या तांबूस घडांत काही नाही. एकच बाग, एकच माती, एकच पाणी. फरक काय?"

कुणीतरी मागून म्हणालं, "कागद."

भिंतीपाशी बहिरू ताठ झाला होता. तोच बोलला होता.

"बरोबर. हिरव्या घडांना कागद होता, तांबूस घडांना नव्हता. विष घडावर मारलं नव्हतं. ते महिनाभर घडाला गुंडाळून ठेवलं होतं. कागदांवर पांढरी पावडर होती, मिथिल पॅराथिऑनची. तुम्हाला ती धूळ वाटली. बायकांना शिंका आल्या, डोकी दुखली, हात खाजले. पण त्या जेवायच्या आधी हात धुवायच्या. गेणभाऊही धुवायचा. फक्त तंबाखूला कोण हात धुतो? दर अर्ध्या तासाला तो त्याच तळव्यावर तंबाखू मळत होता आणि तोंडात टाकत होता. दोन दिवस."

गेणभाऊनं आपला तळवा मांडीखाली घातला.

"पण बाटली?" सोमाजी म्हणाला. "बाटली तर त्याच्याच पंपामागं..."

"बाटलीवर येतो. वीस फेब्रुवारीला नमुन्याचा माणूस आला, तेव्हा त्यानं ती खोली बघितली. फळी आणि पंप बघितल्याचं लिहिलंय, ज्योतिबांची सही आहे. तेव्हा बाटली नव्हती. गेणभाऊ तर एकोणीस जानेवारीपासून बागेत फिरकलेला नाही. मग बाटली तिथं गेली कशी? रिपोर्टात औषधाचं नाव आल्यावर कुणीतरी त्याच नावाची बाटली आणून ठेवली. ज्यानं ठेवली, त्याला वाटलं, नाव जुळलं की झालं. पण त्याच्याकडं बाटली होती पातळ औषधाची आणि बागेत होती पावडर."

"मग रद्दीवाल्याला धरा," सोमाजी घाईनं म्हणाला. "आळेफाट्याच्या. त्याच्याच गोदामात सांडली असेल."

"तेच मलाही वाटलं असतं, शेठ. सगळे कागद तुम्ही टेम्पो लावून जाळलेत. पण तानूबाईनं सहा कागद घरी नेले होते, फळीवर अंथरायला." कोरड्यांनी पारदर्शक पिशवी वर धरली. "आपल्याकडं पेपर एसटीनं येतो आणि एजंट प्रत्येकावर गिऱ्हाइकाचं नाव लिहितो, म्हणजे वाटणाऱ्या पोऱ्याकडून अदलाबदल होत नाही. रद्दीवाल्याच्या गठ्ठ्यात दहा घरांची दहा नावं असतात. ह्या सहाही कागदांवर एकच नाव आहे. निळ्या पेननं. तुमच्या काउंटरवरून नेलेल्या पेपरावर आहे तेच, त्याच हातचं."

सोमाजीच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण ते आता त्याला उपयोगाचं नव्हतं.

"रद्दी माझी असेल. दिली असेल नोकरानं. त्यात काय गुन्हा?"

"मग आळेफाट्याचं नाव का घेतलंत? कारण ही रद्दी दुकानातली नव्हती. जिथं होती ती जागा कुणाला कळू द्यायची नव्हती. डिसेंबरात आमच्या खात्यानं जाहीर केलं, संक्रांतीनंतर दुकानांची तपासणी होणार. तुमच्याकडं मुदत संपलेली पावडर पडून होती. तिला ओल लागू नये म्हणून पोत्यांखाली पेपरांचे थर घातलेले. तपासणीच्या धास्तीनं पोती तिथंच आणखी आत दडवलीत, खालची रद्दी उरली. ती जाळायची सोडून तुम्ही दानधर्म केलात. तेव्हा तुम्हाला खरंच वाटलं असेल, रद्दीच आहे. गेणभाऊ, तुम्ही शेठकडं हमालीला होता. पोती कुठं उतरवायचा?"

गेणभाऊनं मान वर केली. "दुकानात. आन पांडरी पावडर मळ्यातल्या गोठ्यामागं. पत्र्याच्या खोलीत."

"खोटं बोलतोय!"

"त्यो खोटं न्हाई बोलत," बहिरू पुढे आला. "म्या तितनंच न्हेलीय. मागल्या सालापत्तूर. म्या बी गुन्हेगारच, सायेब, टोमॅटोवर मारली. लिवा माजं नाव."

हवालदार पुढे झाला. "तुम्ही काल फोनवर म्हणालात, शेठच्या सगळ्या जागा बघा. मळा मघाशीच बघितला, साहेब. पंचांसमोर कुलूप काढलं. बावीस पोती आहेत, मुदत २००३ ची. आणि असल्याच बाटल्यांचं एक खोकं. त्यात एक जागा रिकामी."

"बॅच नंबर?"

"तोच."

सोमाजी सतरंजीवर खाली बसला.

"माझ्या हातून चूक झाली," तो म्हणाला. "पण मी कुणाचं वाईट चिंतलं नाही. गेणभाऊ पडला तर मीच त्याला उचलला, माझ्या जीपमध्ये घालून दवाखान्यात नेला. विचारा ज्योतिबाला!"

"नेलात," कोरडे म्हणाले. त्यांना राग आला होता आणि त्यांनी तो लपवला नाही. "वाटेत त्याची लाळ बघितलीत, घाम बघितलात. तीस वर्षं औषधं विकता तुम्ही. कशानं पडलाय ते तिथं तुम्हाला एकट्यालाच कळलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, कुठलं औषध? एका शब्दाचं काम होतं, शेठ. तुम्ही म्हणालात, पिऊन पडलाय. त्यानंतर महिनाभर तुमच्याच विषात गुंडाळलेले घड तिथं लटकत राहिले, त्याच विषावर ह्यांच्या घरात भांडी मांडली होती, आणि तुम्ही गप्प राहिलात. पावडर ठेवलीत, तो कायद्याचा गुन्हा. त्याची शिक्षा कोर्ट देईल. ह्या दुसऱ्या गुन्ह्याचं काय करायचं ते मला माहीत नाही."

हवालदारानं सोमाजीला उठवलं.

ज्योतिबाची बाग त्या वर्षी गेली. तांबूस चार ओळी सोडून सगळा माल खड्ड्यात पुरावा लागला. बाकीच्या तेरा बागांचे घड पुन्हा तपासले, ते स्वच्छ निघाले आणि आठवड्याभरात निर्यातदाराचे कंटेनर गावात आले. पण त्या शनिवारी अंगणात अजून ते काही झालेलं नव्हतं. अजून फक्त चौदा माणसं खाली मान घालून बसली होती.

सगळ्यांत आधी ज्योतिबा उठला. गेणभाऊसमोर जाऊन त्यानं हात जोडले.

"चुकलो गड्या. पंधरा वर्सं तुज्या हाताला बाग दिली, आन एका बाटलीपायी तुजा हात वंगाळ ठरिवला. सोमवारपास्नं ये. पयल्यासारकं."

तानूबाई उठून उभी राहिली.

"पयल्यासारकं न्हाई येनार," ती म्हणाली. "हातमोजं आना, तोंडाला बांधायचं आना. बांधावर पाण्याचा हांडा आन साबन ठिवा. ह्येंच्यासाटी न्हाई, समद्या गड्यांसाटी, बायांसाटी. तुमच्या घडाला तिकडं सातासमुद्रापल्याड तपासनारं यंत्र हाय. आमच्या मानसाला कोन तपासतंय?"

वीस वर्षं कोरडे डबे, बाटल्या आणि परवाने तपासत आले होते. फवारणी करणाऱ्या एकाही माणसाचा हात त्यांनी उलटा करून पाहिला नव्हता.

त्यांनी बॅगेतून कोरा फॉर्म काढला. नमुन्याच्या रकान्यापुढे क्षणभर थांबले आणि मग लिहिलं, गेणभाऊ, वय एक्केचाळीस, दोन्ही हात.